बार्सिलोनातील नाताळ

बार्सिलोनातील नाताळ हा स्पेनच्या ईशान्येस असलेल्या कातालोनिया या स्वायत्त प्रदेशाच्या राजधानीत, म्हणजे बार्सिलोना शहरात, डिसेंबरच्या आरंभापासून ६ जानेवारीपर्यंत चालणारा सणांचा काळ होय. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील या शहरात ख्रिस्ती धर्मातील येशूच्या जन्माचा सण कातालान भाषक समाजाच्या स्वतंत्र रूढींसह साजरा केला जातो. लाकडाच्या ओंडक्याकडून भेटी मिळवण्याची प्रथा (तिओ), गव्हाणीच्या देखाव्यातील शौचास बसलेल्या शेतकऱ्याची मूर्ती (कागानेर), २६ डिसेंबरचे कानेलोन्सचे जेवण आणि समुद्रमार्गे येणाऱ्या तीन राजांचे स्वागत ही या सणाची ठळक वैशिष्ट्ये मानली जातात. यांपैकी काही प्रथांचे मूळ ग्रामीण शेतीजीवनात असले, तरी आज त्या महानगरातील घरे, शाळा, गायनसंस्था आणि हौशी नाट्यमंडळे यांच्यामुळे टिकून आहेत. विसाव्या शतकात कातालान भाषेवर आलेल्या निर्बंधांमुळे या रूढींना धार्मिक अर्थाबरोबरच भाषिक व सांस्कृतिक ओळखीचाही अर्थ प्राप्त झाला.

## नाव

कातालान भाषेत नाताळास 'नादाल' असे म्हणतात. हा शब्द 'जन्मासंबंधीचा' असा अर्थ असलेल्या 'नातालिस' या लॅटिन शब्दापासून आला आहे. मराठीतील 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'नाताल' या शब्दावरून आला असून त्याचेही मूळ हाच लॅटिन शब्द आहे. त्यामुळे 'नादाल' आणि 'नाताळ' हे दोन शब्द एकाच मुळाचे ठरतात. नाताळच्या गीतांना कातालानमध्ये 'नादालेस' म्हटले जाते, तर सणाच्या शुभेच्छा 'बोन नादाल' (शुभ नाताळ) अशा शब्दांत दिल्या जातात.

## सणाचा कालक्रम

शाळांना साधारणतः २२ किंवा २३ डिसेंबरपासून ७ जानेवारीपर्यंत सुटी असते. या काळातील प्रमुख दिवस पुढीलप्रमाणे आहेत.

- ८ डिसेंबर – मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. अनेक घरांत या दिवसापासून तिओला 'खाऊ घालण्यास' सुरुवात होते.
- १३ डिसेंबर – संत ल्युसियाचा दिवस.
- २४ डिसेंबर – नाताळची पूर्वरात्र, मध्यरात्रीची मिस्सा.
- २५ डिसेंबर – नाताळ. कुटुंबाचे मुख्य जेवण.
- २६ डिसेंबर – संत स्तेफनचा दिवस (सांत एस्तेवे).
- २८ डिसेंबर – निष्पाप बालकांचा दिवस, थट्टामस्करीचा दिवस.
- ३१ डिसेंबर – वर्षाची अखेरची रात्र.
- ५ जानेवारी – तीन राजांची मिरवणूक.
- ६ जानेवारी – तीन राजांचा सण. मुलांना भेटी मिळण्याचा दिवस आणि सणाची समाप्ती.

२६ डिसेंबर हा कातालोनियात सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. स्पेनच्या बहुतेक भागांत मात्र तो कामाचा दिवस असतो. या फरकाचा संबंध मध्ययुगाशी जोडला जातो. त्या काळी कातालान परगणे कॅरोलिंजियन साम्राज्याचा भाग होते आणि धर्मदृष्ट्या आजच्या फ्रान्समधील नार्बोन येथील धर्मपीठाशी जोडलेले होते. त्या प्रदेशात विखुरलेली कुटुंबे नाताळसाठी मूळ घरी जमत असत आणि परतीच्या प्रवासासाठी आणखी एक दिवस लागत असे, असे स्पष्टीकरण दिले जाते. 'नाताळात प्रत्येक मेंढी आपल्या वाड्यात' अशा अर्थाची म्हण कातालानमध्ये रूढ असून नाताळ हा सर्वप्रथम कुटुंबाने घरी एकत्र येण्याचा दिवस आहे, ही समजूत तिच्यातून व्यक्त होते.

बार्सिलोनात डिसेंबरमधील दिवसाचे कमाल तापमान साधारणतः १४ ते १५ अंश सेल्सियस असते आणि बर्फ क्वचितच पडतो. याला मोठा अपवाद इ.स. १९६२ चा. त्या वर्षी २४ डिसेंबरच्या रात्रीपासून झालेल्या हिमवर्षावाने नाताळच्या दिवशी शहर सुमारे अर्धा मीटर बर्फाखाली गेले आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. शहरातील वयस्क पिढीच्या स्मरणात हा नाताळ 'मोठ्या बर्फाचा नाताळ' म्हणून राहिला आहे.

## इतिहास

बार्सिलोनाच्या नाताळातील अनेक प्रथा कातालोनियाच्या ग्रामीण भागातून शहरात आल्या. हिवाळ्यात शेतीची कामे मंदावल्यावर चुलीभोवती जमणारे कुटुंब, साठवणीतील सुकामेवा, घरी पोसलेला कोंबडा व डुक्कर यांवर आधारलेले जेवण आणि येत्या वर्षाच्या सुगीची चिंता ही या प्रथांची पार्श्वभूमी होय. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत शहराची वाढ होत असताना खेड्यांतून आलेल्या लोकांबरोबर या रूढीही शहरात रुजल्या. एकोणिसाव्या शतकातील 'रेनाशेन्सा' या कातालान भाषा व साहित्याच्या पुनरुज्जीवनाच्या चळवळीने लोकगीते आणि लोकाचार यांच्या संकलनास चालना दिली. विसाव्या शतकात जोआन आमादेस (१८९०–१९५९) या बार्सिलोनात जन्मलेल्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने वर्षभरातील कातालान रूढींची विस्तृत नोंद 'कोस्तुमारी काताला' या पाच खंडांच्या ग्रंथात केली. नाताळच्या प्रथांविषयीची पुष्कळशी माहिती या ग्रंथामुळे जतन झाली.

इ.स. १९३९ मध्ये स्पॅनिश यादवी युद्ध संपल्यानंतर फ्रान्सिस्को फ्रँको यांच्या राजवटीने प्रशासन, शिक्षण आणि सार्वजनिक जीवनातून कातालान भाषा हद्दपार केली. घराच्या चार भिंतींतील नाताळ मात्र कातालानमध्येच साजरा होत राहिला. गव्हाणीचा देखावा, नाताळची गीते आणि मेंढपाळांची नाटके यांना धार्मिक स्वरूप असल्यामुळे ती भाषेच्या टिकावालाही उपयोगी पडली. १९७५ मध्ये फ्रँको यांच्या मृत्यूनंतर लोकशाही प्रस्थापित झाली. १९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने कातालान भाषेस अधिकृत दर्जा मिळाला आणि १९८३ च्या भाषाविषयक कायद्यानंतर ती शिक्षणाचे माध्यम म्हणून परतली. तेव्हापासून तिओसारख्या प्रथा शाळांतूनही साजऱ्या होऊ लागल्या.

## सांता ल्युसियाचा बाजार

शहरातील सणाची चाहूल बार्सिलोना कॅथेड्रलसमोरील 'फिरा दे सांता ल्युसिया' या बाजाराने लागते. या बाजाराची नोंद इ.स. १७८६ पासून सापडते. प्रारंभी तो संत ल्युसियाच्या दिवशी भरत असे. आता तो नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होऊन नाताळपर्यंत चालतो. संत ल्युसिया ही दृष्टीची आणि शिवणकाम करणाऱ्यांची आश्रयदाती संत मानली जाते. कॅथेड्रलला जोडून असलेल्या तिच्या तेराव्या शतकातील प्रार्थनामंदिरात १३ डिसेंबरला भाविकांची रांग लागते.

बाजारात गव्हाणीच्या देखाव्यासाठी लागणाऱ्या मातीच्या मूर्ती, बुचाच्या झाडाची साल, शेवाळ, लहान घरे व पूल, लहानमोठे तिओ, कागानेर, नाताळची झाडे आणि शोभेच्या फांद्या विकल्या जातात. लाल फळांच्या 'ग्रेवोल' या काटेरी पानांच्या झुडपाच्या रानातील फांद्या तोडण्यास बंदी असल्याने लागवड केलेल्या झाडांच्याच फांद्या विक्रीस येतात. सूचिपर्णी झाडे एस्पिनेल्वेस यांसारख्या गावांतून येतात. असाच एक नाताळचा बाजार साग्रादा फामिलिया या चर्चजवळ भरतो, तर तीन राजांच्या सणापूर्वी ग्रान व्हिया या रस्त्यावर खेळण्यांचा बाजार भरतो.

संत ल्युसियाच्या दिवसाला साहित्यिक महत्त्वही आहे. कातालान साहित्याच्या पारितोषिकांचा 'सांता ल्युसियाची रात्र' हा सोहळा १९५१ मध्ये सुरू झाला. कातालान पुस्तकांच्या प्रकाशनावर कडक नियंत्रण असलेल्या काळात या सोहळ्याने लेखकांना एकत्र येण्याची संधी दिली.

## गव्हाणीचा देखावा

येशूच्या जन्माच्या देखाव्यास 'पेसेब्रे' म्हणतात; या शब्दाचा मूळ अर्थ गव्हाण असाच आहे. घरातील देखाव्यात बेथलेहेमऐवजी बहुधा कातालोनियाचा भूप्रदेश दिसतो. बुचाच्या सालीचे डोंगर, शेवाळाचे कुरण, चंदेरी कागदाची नदी, कपडे धुणारी बाई, मासे पकडणारा माणूस, सरपणाची मोळी वाहणारा म्हातारा आणि कातालान शेतकऱ्याचा पोशाख घातलेले मेंढपाळ असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. तीन राजांच्या मूर्ती देखाव्याच्या एका टोकाला ठेवून त्या दररोज थोड्या थोड्या गव्हाणीकडे सरकवण्याची पद्धतही अनेक घरांत आढळते.

मूर्तींना स्थानिक चेहरा देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात रामोन आमादेउ (१७४५–१८२१) या बार्सिलोनाच्या मूर्तिकारास दिले जाते. नेपोलियनच्या फौजांनी शहर व्यापले असता ते ओलोत या गावी राहिले. तेथील शेतकऱ्यांची छाप त्यांच्या मूर्तींवर दिसते.

नगरपालिकेतर्फे प्लासा दे सांत जाउमे या चौकात सार्वजनिक देखावा उभारला जात असे. अलीकडच्या काळात पारंपरिक मूर्तींऐवजी कलावंतांनी रचलेली प्रतीकात्मक मांडणी ठेवल्यामुळे तो वारंवार वादाचा विषय ठरला. २०१८ मध्ये जेवणाचे टेबल आणि त्याभोवती रिकाम्या खुर्च्या अशी मांडणी होती. नाताळच्या जेवणाला न येऊ शकणाऱ्या माणसांची आठवण हा तिचा आशय होता. सार्वजनिक पैशातून उभारलेला देखावा परंपरेप्रमाणे असावा की समकालीन कलेची संधी मानावा, यावर त्यानिमित्ताने चर्चा झाली. माणसांनीच भूमिका करून उभा केलेला 'जिवंत देखावा' हा प्रकारही लोकप्रिय असून शहराजवळच्या कोर्बेरा दे ल्योब्रेगात या गावात तो १९६२ पासून सादर केला जातो.

### कागानेर

देखाव्याच्या कोपऱ्यात, बहुधा झुडपाआड किंवा पुलाखाली, 'कागानेर' ही शौचास बसलेल्या शेतकऱ्याची मूर्ती ठेवली जाते. पांढरा सदरा, काळी विजार, कमरेला पट्टा, डोक्यावर 'बार्रेतिना' ही लाल लोकरी टोपी आणि कधी तोंडात चिलीम असे तिचे रूप असते. ही मूर्ती सतराव्या शतकाच्या अखेरीपासून किंवा अठराव्या शतकापासून प्रचारात आली असावी, असे मानले जाते. तिचे अनेक अर्थ सांगितले जातात. शेतकरी जमिनीला खत देतो, म्हणून ती सुगीचे व समृद्धीचे चिन्ह आहे, हा त्यांतील सर्वांत प्रचलित अर्थ होय. जन्माच्या अलौकिक घटनेशेजारी माणसाचे साधे देहधर्म चालूच असतात आणि त्यापुढे राजा व रंक समान असतात, असाही अर्थ लावला जातो. मूर्तीमागे देवाचा उपमर्द करण्याचा हेतू नसतो. धार्मिक कुटुंबांच्या देखाव्यातही ती ठेवली जाते आणि ती शोधून काढणे हा मुलांचा आवडता खेळ असतो.

२००५ मध्ये नगरपालिकेच्या देखाव्यात कागानेर ठेवला गेला नाही. सार्वजनिक ठिकाणी शौच व लघवी करण्यास मनाई करणारे नियम त्याच सुमारास आणले जात असल्याने ही मूर्ती चुकीचे उदाहरण घालून देईल, असे कारण देण्यात आले. या निर्णयावर नागरिकांनी आणि प्रसारमाध्यमांनी टीका केली. परंपरेवरील आघात म्हणून त्याचा निषेध झाला आणि पुढच्या वर्षी कागानेर देखाव्यात परतला. अलीकडे राजकीय नेते, खेळाडू आणि कलावंत यांच्या रूपातील कागानेर मोठ्या प्रमाणात विकले जातात. या रूपात आपली मूर्ती बनणे हा अपमान नसून प्रसिद्धीची पावती समजली जाते.

## तिओ

'तिओ दे नादाल' म्हणजे नाताळचा ओंडका. आजच्या स्वरूपात हा लाकडाचा एक पोकळ किंवा भरीव तुकडा असून त्याच्या एका टोकाला हसरा चेहरा रंगवलेला असतो, पुढच्या बाजूस दोन काठ्यांचे पाय लावलेले असतात आणि डोक्यावर बार्रेतिना घातलेली असते. ८ डिसेंबरच्या सुमारास तो घरात आणला जातो. थंडी वाजू नये म्हणून त्याच्यावर घोंगडी पांघरतात आणि मुले त्याच्यापुढे रोज रात्री पावाचे तुकडे, सुकामेवा किंवा संत्र्याच्या साली ठेवतात. सकाळी हे खाद्य नाहीसे झालेले असते. त्याची व्यवस्था अर्थातच घरातील मोठी माणसे करतात.

२४ डिसेंबरच्या रात्री किंवा २५ डिसेंबरला मुले दुसऱ्या खोलीत जाऊन प्रार्थना करतात किंवा गाणे म्हणतात. परत आल्यावर ती ओंडक्याभोवती जमून काठ्यांनी त्याला बडवतात आणि त्याने भेटी 'हगाव्यात' अशी मागणी करणारे गाणे म्हणतात. मग घोंगडी उचलली की तिच्याखाली मिठाई, सुकामेवा आणि लहानसहान वस्तू मिळतात. हा क्रम अनेकदा चालतो. शेवटी खारवलेला मासा, लसणाचा गड्डा किंवा कांदा निघाला, म्हणजे तिओजवळ देण्यासारखे काही उरले नाही असे समजले जाते. तिओकडून मिळणाऱ्या वस्तू सर्वांनी वाटून घ्यायच्या असतात. मोठ्या भेटी देण्याचा मान तीन राजांचा असतो.

या प्रथेचे मूळ हिवाळ्यात चुलीत जाळल्या जाणाऱ्या मोठ्या ओंडक्यात आहे. ओंडका जळताना ऊब आणि उजेड देई, म्हणून तो दाता मानला गेला. त्याची राख जपून ठेवत किंवा शेतात टाकत. ती घराचे, जनावरांचे व पिकांचे रक्षण करते असा समज होता. अशाच प्रथा आरागोन, ऑक्सितानिया आणि प्रोव्हान्स या शेजारच्या प्रदेशांतही आढळतात, तर नाताळचा ओंडका जाळण्याची रूढी युरोपच्या अनेक भागांत होती. शहरी घरांतून चुली नाहीशा झाल्यावर जाळण्याचा भाग मागे पडला आणि चेहरा, पाय व टोपी असलेला, दर वर्षी पुन्हा वापरता येणारा तिओ रूढ झाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनच्या दक्षिण भागातून आणि नंतर लॅटिन अमेरिका, मोरोक्को व पाकिस्तान यांसारख्या देशांतून अनेक कुटुंबे बार्सिलोनात स्थायिक झाली. या कुटुंबांतील मुलांना तिओची ओळख बहुधा शाळेत होते. त्यामुळे नवागतांच्या मुलांसाठी ही प्रथा कातालान भाषेतील गाण्यांशी परिचय करून देणारे एक साधनही ठरली आहे.

## भोजन

नाताळच्या दुपारच्या जेवणाचा आरंभ 'एस्कुदेया इ कार्न द'ओया' या पदार्थाने होतो. मोठ्या भांड्यात कोंबडी, गोमांस, डुकराचे मांस, हाडे, छोले, बटाटे, कोबी व गाजर एकत्र शिजवून त्याचा रस्सा वेगळा काढतात. या रश्श्यात 'गालेत्स' हा शंखाच्या आकाराचा मोठा पास्ता शिजवून तो प्रथम वाढला जातो. मांस व भाज्या त्यानंतर वेगळ्या ताटात येतात. खिमा, अंडे, पावाचा चुरा, लसूण आणि पार्सली यांपासून केलेला 'पिलोता' हा मोठा गोळा या पदार्थाचा आवश्यक भाग समजला जातो. त्यानंतर खच्ची करून पोसलेला कोंबडा किंवा टर्की सुके आलुबुखार, चिलगोजे व इतर सुक्या मेव्यासह भाजून वाढतात. विमानतळाजवळील एल प्रात या गावची निळसर पायांची कोंबड्यांची जात यासाठी प्रसिद्ध आहे.

२६ डिसेंबरला आदल्या दिवशी उरलेले मांस बारीक करून ते पास्त्याच्या पापुद्र्यात गुंडाळतात आणि त्यावर दुधाचा दाट पांढरा सॉस व किसलेले चीज घालून भट्टीत भाजतात. या पदार्थास 'कानेलोन्स' म्हणतात. मूळचा इटालियन असलेला हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात बार्सिलोनातील उपाहारगृहांत काम करणाऱ्या इटालियन स्वयंपाक्यांमार्फत परिचित झाला आणि पुढे मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. काहीही वाया न घालवण्याच्या काटकसरीतून तो या दिवसाचा ठरावीक पदार्थ बनला.

गोड पदार्थांत बदाम किंवा हेझलनट, मध आणि अंड्याचा पांढरा भाग यांपासून केलेला 'तोर्रो' प्रमुख असतो. व्हॅलेन्सिया प्रदेशातील शिशोना येथील मऊ व आलिकांते येथील कडक प्रकार आणि कातालोनियातील आग्रामुंत येथील गोल प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत. त्यासोबत 'नेउलेस' ही पातळ, कुरकुरीत सुरळी खाल्ली जाते. जेवणाच्या शेवटी 'कावा' ही फेसाळ वाइन घेतली जाते. तिचे उत्पादन १८७२ मध्ये जोझेप राव्हेंतोस यांनी बार्सिलोनाच्या पश्चिमेकडील सांत सादुर्नी द'आनोइया या गावात सुरू केल्याचे सांगितले जाते.

## संगीत, नाट्य आणि साहित्य

२४ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या मिस्सेस 'मिस्सा देल गाल' म्हणजे कोंबड्याची मिस्सा म्हणतात. 'एल नोइ दे ला मारे', 'फुम, फुम, फुम' आणि 'एल कांत देल्स ओसेल्स' (पक्ष्यांचे गीत) ही पारंपरिक नाताळगीते सर्वपरिचित आहेत. यांपैकी शेवटचे गीत विख्यात चेलोवादक पाउ कासाल्स यांनी जगभर पोहोचवले. १९३९ नंतर विजनवासात असताना ते आपल्या कार्यक्रमांच्या अखेरीस ही धून वाजवीत असत. ऑक्टोबर १९७१ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांनी ती संयुक्त राष्ट्रसंघात वाजवली. त्यामुळे नाताळचे हे गीत शांततेचे आणि मायदेशाच्या ओढीचे प्रतीक बनले.

२६ डिसेंबरला पालाउ दे ला म्युझिका कातालाना या संगीतगृहात 'ओर्फेओ काताला' या गायनसंस्थेचा संत स्तेफन दिनाचा कार्यक्रम होतो. ही संस्था ल्युईस मियेत व आमादेउ विवेस यांनी १८९१ मध्ये स्थापन केली, तर तिच्यासाठी ल्युईस दोमेनेक इ मोंतानेर या वास्तुविशारदाने उभारलेले संगीतगृह १९०८ मध्ये खुले झाले. कार्यक्रमाची परंपरा १९१३ मध्ये सुरू झाली. यादवी युद्धानंतरच्या काळात संस्थेच्या कार्यावर बंदी आल्याने ती खंडित झाली होती. 'एल कांत दे ला सेन्येरा' या ध्वजगीताने कार्यक्रमाचा शेवट होतो. हुकूमशाहीच्या काळात या गीतावर बंदी होती. मे १९६० मध्ये याच सभागृहात श्रोत्यांनी ते गायल्यावर अटकसत्र झाले होते. आज या कार्यक्रमाचे दूरचित्रवाणीवरून प्रसारण होते.

'एल्स पास्तोरेत्स' (मेंढपाळ) ही नाताळच्या सुटीत सादर होणारी नाटके असून त्यांत येशूच्या जन्माची वार्ता, देवदूत व सैतान यांचा संघर्ष आणि दोन विनोदी मेंढपाळांची फजिती रंगवलेली असते. जोझेप मारिया फोल्क इ तोर्रेस यांनी लिहिलेले आणि डिसेंबर १९१६ मध्ये बार्सिलोनात प्रथम सादर झालेले नाटक सर्वाधिक लोकप्रिय आहे. ल्युकेत व रोव्हेल्यो ही त्यातील मेंढपाळांची जोडी आहे. वस्त्यांतील हौशी मंडळे ही नाटके दर वर्षी करतात. एकाच कुटुंबातील तीन पिढ्या एका रंगमंचावर दिसणे हे या प्रयोगांत नवल नसते. जोझेप मारिया दे सागार्रा यांचे १९३१ मधील 'एल पोएमा दे नादाल' हे दीर्घकाव्यही या काळात जाहीरपणे वाचले जाते.

## वर्षअखेर

२५ डिसेंबरच्या सकाळी जुन्या बंदराच्या थंड पाण्यात 'कोपा नादाल' ही २०० मीटर पोहण्याची शर्यत होते. तिची सुरुवात १९०७ मध्ये झाली.

२८ डिसेंबर हा थट्टेचा दिवस आहे. नकळत एखाद्याच्या पाठीवर 'ल्युफा' ही कागदाची बाहुली चिकटवण्याची मुलांची जुनी खोडी या दिवशी चालते. ३१ डिसेंबरला, वर्षाचे जितके दिवस शिल्लक आहेत तितकी नाके असलेला माणूस रस्त्यात दिसेल, असे मुलांना सांगितले जाते. वर्षाचा एकच दिवस उरलेला असल्याने त्या माणसाला एकच नाक असते, हे मुलांच्या लक्षात येईपर्यंत ती त्याला शोधत राहतात. या माणसाच्या नावावरूनच शहरात १९९९ पासून ३१ डिसेंबरला 'कुर्सा देल्स नासोस' ही १० किलोमीटरची धावण्याची शर्यत घेतली जाते. मध्यरात्री बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे खाण्याची प्रथा मात्र संपूर्ण स्पेनमध्ये समान आहे.

## तीन राजे

मेल्किओर, गास्पार आणि बाल्तासार हे तीन राजे ५ जानेवारीच्या रात्री भेटी आणतात, अशी बार्सिलोनातील मुलांची श्रद्धा असते. तत्पूर्वी मुले पत्रे लिहून ती राजांच्या दूतांकडे सोपवतात. राजांचे आगमन समुद्रमार्गे होते, ही या बंदराच्या शहराची खासियत होय. ५ जानेवारीच्या दुपारी ते 'सांता एउलालिया' या जहाजातून जुन्या बंदरात उतरतात. १९१८ मध्ये बांधलेले हे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज सागरी वस्तुसंग्रहालयाच्या मालकीचे आहे. महापौर राजांचे स्वागत पाव व मीठ देऊन करतात आणि त्या रात्री शहरातील सर्व घरांची दारे उघडणारी किल्ली त्यांच्या हाती देतात. त्यानंतर चित्ररथांची मिरवणूक निघते आणि जमलेल्या मुलांवर गोळ्यांची उधळण होते. २०२१ मध्ये कोरोना महामारीमुळे ही मिरवणूक नेहमीच्या स्वरूपात निघाली नाही.

रात्री मुले बूट, राजांसाठी खाऊ आणि उंटांसाठी पाणी ठेवून झोपतात. खोडकर मुलांना कोळसा मिळतो असे सांगितले जाते; प्रत्यक्षात तो साखरेचा असतो. ६ जानेवारीच्या जेवणात 'तोर्तेल' हा बदामाच्या सारणाचा, साखरेत मुरवलेल्या फळांनी सजवलेला कड्यासारखा गोड पाव असतो. त्यात राजाची लहान मूर्ती आणि वालाचा दाणा लपवलेला असतो. ज्याला मूर्ती मिळते त्याला कागदी मुकुट घातला जातो, तर ज्याला दाणा मिळतो त्याने तोर्तेलचे पैसे द्यायचे असतात.

अशा मिरवणुकीची सर्वांत जुनी नोंद व्हॅलेन्सिया प्रदेशातील आल्कोइ येथील असून ती १८६६ ची आहे. कातालोनियात इग्वालादा येथील मिरवणूक १८९५ पासूनची आहे. काही गावांत बाल्तासारची भूमिका गोऱ्या व्यक्तीने चेहरा काळा रंगवून करण्याच्या पद्धतीवर अलीकडे टीका होत असून कृष्णवर्णीय व्यक्तीलाच ती भूमिका देण्याकडे कल वाढत आहे. ६ जानेवारीला तीन राजांचा सण गोव्यातही साजरा होतो. तेथे रेइश मागुश, कुएलिम आणि चांदर या गावांत राजांच्या वेशातील मुलांची मिरवणूक निघते; ही प्रथा पोर्तुगीज राजवटीच्या काळात रुजली.

## इतर कातालान भाषक शहरे

तिओ, कागानेर व कानेलोन्स या प्रथा मुख्यतः कातालोनियाशी निगडित आहेत. बालेआरिक बेटांतील मायोर्का येथे आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावरील आल्गेरो या शहरात नाताळच्या पूर्वरात्री 'सिबिलचे गीत' गायले जाते. जगाच्या अंतिम न्यायाच्या दिवसाचे भाकीत सांगणारे हे मध्ययुगीन गीत सोळाव्या शतकातील धर्मसुधारणांनंतर बहुतेक ठिकाणी लुप्त झाले, परंतु या दोन ठिकाणी टिकले. आल्गेरोत १३५४ पासून कातालान लोकांची वसाहत झाल्याने ही परंपरा तेथे पोहोचली. मायोर्कातील सिबिलच्या गीताचा समावेश युनेस्कोने २०१० मध्ये मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. बार्सिलोनातही काही चर्चमध्ये या गीताचे पुनरुज्जीवन झाले आहे.

## सद्यःस्थिती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाल पोशाखातील सांता क्लॉज, ज्याला स्पेनमध्ये 'पापा नोएल' म्हणतात, बार्सिलोनातही परिचित झाला. अनेक घरांत तिओ, पापा नोएल आणि तीन राजे अशा तिघांकडूनही भेटी येतात. राजांच्या भेटी सुटी संपण्याच्या आदल्या दिवशी मिळत असल्याने खेळायला वेळ उरत नाही, हे २५ डिसेंबरला भेटी देण्याच्या बाजूने पुढे केले जाणारे एक व्यावहारिक कारण होय. याउलट, तिओ आणि राजे यांना जपणे म्हणजे आपली भाषा व रूढी जपणे, अशी भूमिका अनेक कुटुंबे घेतात.

चर्चमध्ये नियमित जाणाऱ्यांची संख्या घटली असली, तरी निधर्मी कुटुंबेही तिओ बडवतात, देखावा मांडतात आणि २६ डिसेंबरला कानेलोन्ससाठी एकत्र येतात. नव्या प्रथांचीही भर पडत आहे. कातालान दूरचित्रवाणीने १९९२ मध्ये सुरू केलेला 'ला मारातो' हा वैद्यकीय संशोधनासाठी निधी जमवणारा कार्यक्रम डिसेंबरमधील एका रविवारी होतो. त्यासाठी गावोगावी गायनाचे, खेळांचे आणि भोजनाचे उपक्रम आयोजित केले जातात.